आवाज कमीजास्त करायचं अ‍ॅप बनवलं, अन् मग आठ दिवस दुरुस्त केलं

माह्या ऑनलाइन सेंटरच्या कीबोर्डचं आवाजाचं बटन मेलं, अन् एका बटनासाठी तालुक्याले कोन जाते, म्हटलं आपनच स्लायडर बनवू, कम्प्युटरवर उबुंटू लिनक्स आहे, पायथन आहे, त्याचं खिडक्या-बटनं बनवाचं टीकिंटर आहे, एका दुपारचं काम. आठ दिवस गेले. कुठं अडलो ते सांगतो.

सांगाडा सोपा आहे. टीकिंटरचं स्केल, म्हणजे स्लायडर, घ्या 0 ते 100, ते हललं का सबप्रोसेसनं (पायथनमधून बाहेरची कमांड चालवते ते) आवाज बदलवनारी पीएसीटीएल कमांड चालवा, तिच्यात सेट-सिंक-व्हॉल्यूम, मंग सिंकचं नाव, मंग टक्के. सिंक म्हणजे आवाज जिथं जाऊन पडते ते, स्पीकर, हेडफोन, टीव्ही, जे असंल ते. कमांड सापडली नाही तं पल्सऑडिओ-युटिल्स हे पॅकेज टाकून घ्या. लिनक्सचा आवाज सांभाळनारं पल्सऑडिओ असो का पाइपवायर, दोन्हीवर चालते.

मी सिंकचा नंबर टाकला होता, गाढवपना. लाइट गेली, कम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू पन एचडीएमआयवरचा टीव्ही बंद, आवाज आतल्या स्पीकरवर आला अन् माहं अ‍ॅप त्या गेलेल्या टीव्हीलेच धरून बसलं. लाइट आली, टीव्ही पुन्हा जोडल्या गेला तं नंबर दुसराच! नंबर टाकूच नका, डीफॉल्ट सिंकचं जे ठरलेलं नाव असते, दोन्हीकडून अ‍ॅटचं चिन्ह लावलेलं, ते टाका.

आता खरा खोडा. आवाज दुसरीकडून बदलला तं स्लायडर पन हलला पाह्यजे, त्यासाठी पीएसीटीएल सबस्क्राइब (आवाजात बदल झाला का एक ओळ देते) वेगळ्या थ्रेडमधे, म्हणजे बाजूनं चालनाऱ्या कामात, चालवा, ओळ आली का क्यूमधे, म्हणजे रांगेत, टाका, अन् मेन विंडोनं आफ्टर (थोड्या वेळानं हे काम कर असं सांगनारं) लावून दर 200 मिलिसेकंदानं क्यू पाहायची, ओळ असंल तं आवाज किती आहे ते पीएसीटीएललेच इचारायचं अन् स्लायडर तिथं न्यायचा (थ्रेडमधून डायरेक्ट स्लायडरले हात लावू नका, कधी लटकंल सांगता येत नाही). पन तुमी स्केलले सेट केलं का त्याले जोडलेली कमांड पन चालते, म्हणजे सिस्टम स्लायडरले सांगते, स्लायडर पुन्हा सिस्टमले सांगते, अन् मंग स्लायडर थरथरत रायते, भिजलेल्या कोंबडीवानी. मी फ्लॅग, म्हणजे खरा-खोटा निशान, लावला, सेटच्या आधी खरा, नंतर खोटा, खरा असला का कमांडनं काहीच करू नये म्हणून. काहीच फरक नाही. काऊन? तं साधं स्केल ती कमांड लगेच नाही चालवत, स्वतःले स्क्रीनवर पुन्हा रंगवते तेव्हा चालवते, तोवर फ्लॅग खाली आलेला असते. फ्लॅग सोडा, शेवटचा आकडा एका व्हेरिएबलमधे ठेवा, आलेला आकडा तोच असंल तं गुपचूप परत फिरा. आवाजाची मालक सिस्टम, स्लायडर फक्त दाखवनारा, हे धरून चाला.

सिस्टम मराठीत ठेवली असंल तं उत्तरातले शब्द पन मराठीत येऊ शकते, म्हणून "व्हॉल्यूम" शब्द शोधू नका, एलसी-ऑल (भाषा ठरवनारी सेटिंग) ले सी देऊन कमांड चालवा अन् टक्क्याच्या चिन्हाच्या आधीचा आकडा उचला.

अन् 10 वर काहीच ऐकू येत नाही म्हणून स्वतःचं गनित घुसवू नका. पल्सऑडिओ टक्क्याचा घन करते, 50 म्हणजे जवळपास उणे 18 डेसिबल, 10 म्हणजे उणे 60. कानाचं गनित त्यानं आधीच केलेलं आहे, मी वरून लॉगरिदमचं गनित लावलं तं अर्ध्या स्लायडरपर्यंत सन्नाटा.

प्लस 5 टक्क्याचं बटन ठेवत असान तं 100 वर तुमीच अडवा, कमांड अडवत नाही, 130 वर गेलं का आवाज फाटते, अन् बाहेर ओट्यावर बसलेले म्हातारे आत येऊन तुमाले इचारते का हे काय लावलं बे.