पोलोचा घोडा बघायला जाण्याआधी

घोड्याची चौकशी नंतर करा. आधी एका कागदावर स्वतःबद्दल लिहून काढा: आठवड्यातून किती दिवस खोगिरावर असता, घोडा भरधाव असताना रिकिबीत उभं राहून कमरेतून मागे वळता येतं का, डाव्या हातातल्या लगामाला न लोंबकळता उजव्या हाताने मॅलेट (चेंडू मारायची लांब काठी) फिरवता येते का, आणि हँडिकॅप, म्हणजे खेळातल्या कौशल्याची श्रेणी, किती. हँडिकॅप उणे 2 पासून 10 गोलांपर्यंत जातो, आणि 6 गोलवाल्याच्या हाताखाली उडणारा घोडा शून्यावरच्या माणसाला पहिल्या दोन मिनिटांत घाम फोडतो. हे लिहिताना फुशारकी नको. विकणारा तुमच्या सांगण्यावरूनच घोडा पुढे करणार आहे.

खर्चाचा हिशेब त्याच कागदावर. दाणावैरण, नाल, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा), वाहतूक हे खरेदीच्या रकमेखेरीज, दर महिन्याला. शिवाय एका घोड्यावर अख्खा सामना होत नाही. चक्कर, म्हणजे सामन्याचा एक टप्पा, साधारण 7 मिनिटांची, पण त्यात घोडा इतका पळतो, थांबतो, वळतो की एका सामन्यात त्याला दोन चक्करींपेक्षा जास्त खेळवत नाहीत, त्याही मध्ये विश्रांती देऊन. म्हणजे चार चक्करींच्या सामन्याला किमान दोन घोडे. एकाचीच ऐपत असेल तर दुसरा भाड्याने कुठे मिळेल ते आधीच बघून ठेवा.

वयाचं गणित नवशिक्यांना पटत नाही, तरी सांगतो. स्वार शिकाऊ असेल तर घोडा मुरलेला हवा. पाच-सहा वर्षांचा घोडा स्वतःच खेळ शिकत असतो; चुकीच्या वेळी लगाम ओढला गेला की तो चूकच शिकतो, आणि पुढच्या मोसमात ती तुम्हालाच निस्तरावी लागते. दहा-बारा वर्षांचा, अगदी चौदा-पंधराचाही चालेल, पाय शाबूत असले म्हणजे झालं. असा घोडा चेंडू कोणत्या रेषेत जाणार ते तुमच्याआधी ओळखतो. तो वेगात थोडा कमी पडेल, पडू दे.

उंचीत फार अडकू नका. बहुतेक पोलोचे घोडे साडेचौदा ते साडेपंधरा हँडच्या आसपास असतात, हँड म्हणजे 4 इंच. उंच घोडा घेतला की चेंडू हातापासून लांब पडतो आणि मॅलेटही लांब लागते. वजनदार स्वाराने उंचीपेक्षा पाठीची रुंदी आणि पायांची हाडं बघावीत. खेळाडूंचा ओढा घोडींकडे जास्त असतो, पण शांत, कसलेला नर समोर आला तर केवळ त्यासाठी नाकारू नका.

तबेल्यात जरा लवकर, घोड्यावर कोणी बसण्याआधी पोचा. चारही खूर उचलून बघा, देतो की पाय झटकतो. गुडघ्याखालच्या शिरांवरून तळवा खाली न्या, मग दुसऱ्या पायावरून. एका पायाला ऊब किंवा फुगवटा जास्त लागला तर त्याचं कारण विचारा. ओठांचे कोपरे उघडून जुने व्रण आहेत का बघा. तोंडात कोणतं बिट (लगामाला जोडलेली धातूची दांडी) घालतात तेही विचारा. गॅगसारखं कडक बिट लावूनही घोडा आवरत नसेल तर तुमच्या मनगटाने तो मुळीच आवरणार नाही.

आधी विकणाऱ्यालाच स्वार व्हायला सांगा. टाळाटाळ झाली तर नमस्कार करून निघा. मग तुम्ही बसा, आणि पहिल्या झटक्यात पळवू नका. चालीवर, दुडकीवर, मग हलक्या दौडीवर एका हाताने दोन्ही बाजूंना वळवा. थांबताना नीट लक्ष द्या: चांगला घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊन बसल्यासारखा थांबतो; तोंड वासून मान वर फेकणारा घोडा लगामाशी भांडतोय. मॅलेट डोळ्यांजवळून गेली की त्याचे कान कुठे जातात ते बघा. बुजणारा घोडा चेंडूपाशी आल्यावर अर्ध्या पावलाने बाजूला सरकतो आणि तुमचा फटका हुकतो. हुकलेल्या फटक्यांचं खापर मग तुम्ही महिनोन्‌महिने स्वतःवर फोडत बसता.

एकट्याने फिरवून मात्र निर्णय घेऊ नका, कारण पोलोचा घोडा कळतो तो गर्दीत. दुसरा घोडा खांद्याला खांदा लावून रेटा देतो तेव्हा हा अंग चोरतो की उलट रेटतो? अंपायर चेंडू आत टाकण्याआधी रांगेत उभा राहतो की नाचतो? सरावाची एक पूर्ण चक्कर खेळायला मिळालीच पाहिजे. पाचव्या-सहाव्या मिनिटाला, दम लागल्यावर, तो तुमचं ऐकतो का हा सगळ्यात कामाचा प्रश्न. मैदानाबाहेर आल्यावर किती वेळात श्वास खाली बसतो, तेही उभं राहून बघा.

एवढं जमलं की पशुवैद्य. तो तुमचा हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. पाय दुमडून धरल्यावर लगेच दुडकीवर पळवून लंगडतो का ही चाचणी, पुढच्या पायांचे एक्स-रे, पळवल्यानंतर हृदय आणि श्वास. रक्ताचा नमुना काढून ठेवायलाच सांगा, कारण वेदनाशामक दिलं असेल तर लंगडणारा घोडाही त्या दिवशी छान चालतो. वर्षानुवर्षं खेळलेल्या घोड्याचे एक्स-रे अगदी स्वच्छ क्वचितच येतात. म्हणून पशुवैद्याला ‘निरोगी आहे का’ एवढंच विचारू नका. ‘मी आठवड्याला इतक्या चक्करी खेळणार आहे, झेपेल का’ असं विचारा.

सौदा ठरला की आधीच्या मोतद्दाराजवळ अर्धा तास बसा. कोणतं बिट, मार्टिंगेल (मान वर फेकू न देणारा पट्टा) किती आवळून, दाणा कोणता आणि किती वेळा, नाल कधी बदलली, कोणत्या घोड्याशेजारी बांधला की लाथा झाडतो, हे सगळं लिहून घ्या. नव्या तबेल्यात दाणा एकदम बदलू नका, पोटशूळ उठू शकतो. पहिले काही दिवस नुसतं फिरवणं आणि एकट्याने हलका चेंडूसराव, सामना त्यानंतर.