बोटाचा सांधा पिकलाय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या ड्रेसिंग रूममध्ये गॅरेजात काम करणारा एक मुलगा आला. अनामिकेच्या मुळाशी, मूठ वळल्यावर जो उंचवटा वर येतो ना, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी जखम. हात मात्र मनगटापर्यंत टम्म सुजलेला. "ताई, पत्रा लागला," म्हणाला. तीन दिवस झाले होते. एक्स-रेमध्ये सांध्यापाशी दाताचा बारीक कपचा दिसला, तेव्हा त्यानं मान खाली घातली.

भांडणात ठोसा मारला हे लपवणं, ही माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक. आवळलेली मूठ समोरच्याच्या दातावर आदळते, तेव्हा दात कातडीतून, बोट सरळ करणाऱ्या कंडरेतून (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीतून) थेट सांध्यात शिरतो. मूठ उघडली की कंडरा मागे सरकते आणि ते भोक झाकून टाकते. वरून नुसता ओरखडा, आत लाळेतले जंतू कोंडलेले. त्यातल्या आयकेनेला नावाच्या जंतूवर साध्या जखमेला देतात त्यातली काही अँटिबायोटिक्स चालतच नाहीत. म्हणून डॉक्टरांना खरं सांगा. इथे तुम्हाला कुणी पोलिसी जाब विचारत नाही, औषध ठरवायला ती माहिती लागते. जखम दाखवताना मूठ वळूनही दाखवा.

दुसरी चूक म्हणजे मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणून वाट बघणं. वर हळद, चुना नाहीतर गरम पोटीस. बोटाच्या सांध्यात जागा ती किती, काही थेंबांची! तेवढ्यात पू साचला की हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा काही दिवसांत खराब होते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी येत नाही. अर्धवट गोळ्यांनी ठणका कमी होतो, पू तिथेच राहतो. वर नंतर सुईनं सांध्यातून काढलेल्या पाण्यात जंतू सापडेनासा होतो. हे पाणी शक्यतो औषध सुरू करण्याआधी तपासायला पाठवायचं असतं. ताप चढलाय, लाल रेघ दंडाकडे सरकतेय किंवा मधुमेह आहे, तर रात्र घरी काढू नका.

नखामागच्या सांध्यावर पाण्यानं भरल्यासारखी बारीक गाठ आली, तर ती सुईनं फोडू नका. झिजलेल्या सांध्यावरची अशी गाठ बहुतेकदा आतल्या सांध्याशी जोडलेली असते.

सुजलेला सांधा दरवेळी पिकलेलाच असतो असं नाही, गाऊटमध्येही (युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साचून होणाऱ्या आजारात) तो असाच लालबुंद होतो. म्हणूनच पाणी तपासावं लागतं. आणि सांध्यापुरतं न राहता अख्खं बोट फुगलं, अर्धवट वाकून राहिलं, तळव्याकडच्या बाजूनं कंडरेच्या रेषेवर दाबलं की दुखतं आणि कुणी सरळ करायला गेलं की जीव जातो, तर पू कंडरेच्या आवरणात असू शकतो. शिकागोचे शल्यविशारद अ‍ॅलन कॅनावेल यांनी १९१२ मध्ये हाताच्या जंतुसंसर्गावर ग्रंथ लिहिला. ही चार लक्षणं आजही त्यांच्याच नावानं ओळखली जातात. तिथेही उशीर परवडत नाही.

आता शस्त्रक्रियेबद्दल. सांधा उघडायचा, सलाईननं भरपूर धुवायचा, सडलेला भाग काढायचा. एकदा धुऊन भागलं नाही तर एक-दोन दिवसांनी पुन्हा. जखम बहुधा उघडीच ठेवतात. नातेवाईक विचारतात, "टाके का नाही घातले?" पू वाहायला वाट हवी म्हणून. दाताची जखम हट्टानं शिवून घेणारे मी पाहिलेत. दोन दिवसांत ते टाके काढावे लागतात.

नंतरची चूक घरी होते. हात खाली लोंबकळत ठेवला की सूज उतरत नाही, तो छातीच्या वर उशीवर ठेवावा. आणि दुखेल म्हणून बोट हलवायचंच नाही, याला काय म्हणावं! संसर्ग आटोक्यात आला की डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील त्या दिवसापासून ते हलवायलाच हवं, नाहीतर कंडरा चिकटते. अगदीच उशीर झाला तर दोन्ही हाडं जोडून सांधा कायमचा ताठ करून टाकावा लागतो, क्वचित बोटही काढावं लागतं.

त्या मुलाचा सांधा दोनदा धुतला. बोट वाचलं, पण पूर्ण वळत नाही. परवा स्कूटर दुरुस्तीला दिली तेव्हा पाहिलं, पाना धरताना त्याची अनामिका बाहेरच राहते.