पहिला होमस्टे कर्जावर घेताय? कोल्हापुरात या चुका टाळा

नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती खोली मिळत नाही, हे बघून बरेच जण हिशेब मांडतात. रात्रीचे २,००० रुपये, महिन्याच्या ३० रात्री, म्हणजे ६०,०००. हप्ता २९,०००. उरलेले आपले! हा हिशेब नवरात्राचा आहे. कर्जाचा हप्ता मात्र आषाढातही तेवढाच जातो.

भाडं दिसतं, खर्च दिसत नाही

समजा फ्लॅट ४० लाखांचा आहे. त्यावर ३२ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता २८,७९१ रुपये. सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, इंटरनेट, घरफाळा मिळून महिन्याला ५,५०० धरा. पाहुणा येवो न येवो, ३४,३०० रुपये जाणारच.

आता २,००० मधले हातात किती पडतात ते बघा. बुकिंगच्या ॲपचं कमिशन १५ टक्के धरलं तर ३०० गेले. साफसफाई आणि चादरी-टॉवेल धुणं ३५०, चहा-साबण-पाणी ५०. राहिले १,३००. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला महिन्याला २७ रात्री भरायला हव्यात. वर्षभर हे जमत नाही. देवदर्शनाला येणारा बहुतेक पाहुणा एकच रात्र राहतो, त्यामुळे साफसफाईचा खर्च जवळजवळ रोज पडतो. तीच खोली सलग तीन रात्री गेली तर तो एकदाच लागतो.

कर्ज ३२ ऐवजी २० लाख घेतलं तर हप्ता १७,९९५ होतो आणि १८-१९ रात्रींत भागतं. म्हणून पहिल्या फ्लॅटला मिळेल तेवढं कर्ज उचलू नका. वर्षाच्या रात्री मोजताना चैत्रातली जोतिबाची यात्रा, मे महिना, नवरात्र, दिवाळी आणि नाताळ भरलेले धरा. जून ते ऑगस्ट जवळजवळ रिकामे धरा. तरीही हप्ता पगारातून निघत असेल तरच पुढे जा.

हातात किती पैसे लागतात?

‘२० टक्के भरले की झालं’ ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के कर्ज देता येतं. ही कमाल मर्यादा आहे, तेवढं मिळेलच असं नाही. किंमतही करारातली आणि बँकेच्या मूल्यांकनातली, यांपैकी कमी असेल ती धरतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा त्यात धरत नाहीत.

४० लाखांच्या फ्लॅटला तुमचे ८ लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, म्हणजे २.४ लाख. खरेदी बाईच्या नावावर असेल तर त्यात १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. वकील, मूल्यांकन, प्रोसेसिंग आणि गहाणखताची नोंद मिळून ५०,००० धरा. गाद्या, एसी, गिझर, इन्व्हर्टर, भांडी यांना ४ लाख. सहा महिन्यांच्या हप्त्यांचे पावणेदोन लाख बाजूला. एकूण १७ लाखांच्या आसपास. फ्लॅट बांधकाम चालू असलेला असेल तर त्यावर जीएसटी: ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राच्या फ्लॅटला १ टक्का, त्याहून महाग किंवा मोठ्याला ५ टक्के; पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्याला नाही.

यातले कमी पडणारे पैसे सोनं तारण ठेवून, वैयक्तिक कर्ज काढून किंवा भिशी उचलून भरायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. सोनेतारण आणि वैयक्तिक कर्ज बँकेला सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं आणि गृहकर्जाची पात्रता कमी होते. भिशी दिसत नाही, पण दोन हप्ते एकाच पगारातून जायला लागतात.

‘थोडे रोख द्या, करारात कमी दाखवू’ याला नाही म्हणा. करारातली किंमत कमी झाली की कर्जही कमी होतं. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

बँकेला खोटं सांगणं

अर्जात ‘स्वतःला राहण्यासाठी’ लिहायचं आणि ताबा मिळताच ॲपवर टाकायचं, असं बरेच जण करतात. मंजुरीपत्रात वापराची अट असते. ती मोडली तर बँक कर्ज परत मागू शकते. भाड्याने देणार आहे हे आधीच सांगा. काही बँका गृहकर्जच देतात, काही व्यावसायिक दर लावतात. आणखी एक गोष्ट: येणाऱ्या पाहुण्यांचं अंदाजी भाडं बहुतेक बँका उत्पन्नात धरत नाहीत. पात्रता पगारावर किंवा आयकर रिटर्नवर ठरते.

सोसायटीची लेखी परवानगी खरेदीआधी घ्या. विमा कंपनीलाही वापर लेखी कळवा, नाहीतर दावा नाकारायला तिला कारण मिळतं.

जागा चुकली तर कर्ज अडतं

देवस्थान इनामाची, म्हणजे देवळाला इनाम दिलेली, जमीन स्वस्त मिळते, पण परवानगीशिवाय ती विकता येत नाही. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेल्या जमिनीलाही परवानगी लागते. पन्हाळ्यावर बंगला घेताना तो संरक्षित स्मारकापासून किती अंतरावर आहे ते मोजा: १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगी. बयाणा देण्याआधी ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या आधीच्या व्यवहारांचा तपास), प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि भोगवटा प्रमाणपत्र बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला दाखवा. बयाण्याच्या पावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत’ हे वाक्य घालून घ्या.

पुराचं तर विचारूच नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली. दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्क भागात बघताना शेजाऱ्याला विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर कोरडा राहील, पण शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला की बुकिंग रद्दच होतात.

कराचं गणित

सेवा देऊन रोजच्या भाड्याने दिलेल्या जागेचं उत्पन्न बऱ्याचदा धंद्याचं धरलं जातं. मग घरभाड्यावरची ३० टक्क्यांची सरसकट वजावट धरून केलेला हिशेब कोसळतो. आधी सीएला विचारा.

हप्ता थकायला लागला तर

पहिल्या तुटीच्या महिन्यातच हालचाल करा. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक (एनपीए), म्हणजे थकीत कर्जात जमा होतं, आणि त्याआधीच सिबिल बिघडतो. बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. सोबत फ्लॅट ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर द्या. गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीतले नोकरदार, रुग्णालयांतल्या परिचारिका असे भाडेकरू मिळतात. भाडं कमी येईल, पण कमिशन आणि रोजची चादर-धुलाई वाचते. हे भाडं किती येईल ते खरेदीआधीच त्या गल्लीत चौकशी करून काढा, आणि हप्त्यातून ते वजा करा. उरलेली रक्कम पगारातून निघणार नसेल तर तो फ्लॅट सोडा.