जुन्या बुलेट-येझदीचं इंजिनकाम: मिस्त्री निवडताना या चुका टाळा

इंदुरात जुन्या गाडीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, 'आपला एक माणूस आहे ना!' रामबागेपासून सुदामानगरपर्यंत असा एकेक माणूस सापडतोच, आणि बंद पडलेली बुलेट तो बघता बघता सुरूही करून दाखवतो. पण इंजिन तळापर्यंत उघडून नव्याने भरणं हे काम वेगळं. तिथे माणूस मोजतो की अंदाजाने चालतो, एवढंच बघायचं.

मिस्त्रीच्या आधी खरादवाला गाठा

बहुतेकांचं इथेच चुकतं. सिलिंडर बोअर करणं (आतून कातून मोठा करणं), क्रँक म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा प्रेस करून सरळ करणं ही कामं मिस्त्री बहुधा स्वतः करत नाही, खरादवर (लेथवर) पाठवतो. म्हणून आधी सांवेर रोडकडच्या एखाद्या जुन्या खरादवाल्याशी बोला. कोणता मिस्त्री सिलिंडरबरोबर नवा पिस्टनही पाठवतो, इतकंच विचारा. बोअर हा हातात असलेला पिस्टन मोजून करायचा असतो. 'वीस'चा पिस्टन म्हणजे २० थाउ (इंचाचे हजारावे भाग), साधारण अर्धा मिलिमीटर मोठा. पण दोन कंपन्यांचे 'वीस' तंतोतंत सारखे निघतीलच असं नाही. नुसता सिलिंडर पाठवून 'बीस का कर देना भिया' म्हणणाऱ्याचं इंजिन एकतर गरम होऊन जाम होतं, नाहीतर पहिल्या दिवसापासून पिस्टन वाजतो. कोणाचे सिलिंडर परत येतात आणि कोणाचे येत नाहीत, हे खरादवाल्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तो नाव घेणार नाही कदाचित, पण कोणाचं नाव आल्यावर हसतो ते बघा.

न उघडता भाव सांगणाऱ्यापासून लांब राहा

'काका, किती लागतील?'
'उघडल्याशिवाय कसं सांगू? आधी क्रँक बघू दे.'

असं उत्तर आलं तर तिथेच थांबा आणि इंजिन उघडताना हजर राहा. बघण्यासारखं बरंच असतं. तेल काढल्यावर ते ओतून न देता पांढऱ्या कागदावर घेऊन चकचकीत कण आहेत का पाहतो? पुशरॉड कुठला कुठून निघाला हे पुठ्ठ्याला भोकं पाडून लक्षात ठेवतो? सिलिंडर निघाल्यावर कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांत धरून सरळ वर-खाली ओढतो? रॉड आडवा थोडा सरकला तर चालतं. वर-खाली 'कट्ट' जाणवलं तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलं. क्रँक नवा बसवल्यावर तो सरळ फिरतो का हे मोजायला डायल गेज लावायलाच हवा. हातोडीने ठोकून 'आला सेंटरला' म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

बुलेटसाठी एक छोटी परीक्षा आहे. जुन्या कास्ट आयर्न इंजिनात ऑइल पंप फिरवणारा वर्म-नट उलट्या आट्यांचा असतो. सहज गप्पांत विचारा. ज्याला हे माहीत नाही, तो नेहमीच्या बाजूने जोर लावून आटे खराब करणार.

एकच मिस्त्री सगळ्या गाड्यांना नको

३५० बुलेट म्हणजे ७० × ९० मिलिमीटरचं, ३४६ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन. व्हॉल्व्ह, टॅपेट, वेगळा ऑइल पंप. म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी २५० म्हणजे ६५ × ७५ चं टू स्ट्रोक, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. राजदूत ३५० ला तर दोन सिलिंडर. बुलेटवर हयात घालवलेला मिस्त्री येझदीत क्रँकची सील (दोन्ही टोकांना हवा-तेल अडवणारी रबरी कडी) दुय्यम समजू शकतो, आणि टू स्ट्रोकचा अर्धा प्राण त्या सीलमध्येच असतो.

क्रँककेस बदलू देऊ नका

'केस फुटलाय, दुसरा टाकू' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. इंजिन नंबर क्रँककेसवरच, म्हणजे क्रँक ज्यात बसतो त्या कवचावरच, कोरलेला असतो. केस बदलला की आरसीशी मेळ तुटतो. शिवाय त्याचे दोन्ही अर्धे एकमेकांच्या मापाने केलेले असतात, एकाचा अर्धा दुसऱ्याला लावला तर बेअरिंग तिरकी बसतात. बारीक चीर असेल तर चांगल्या वेल्डरकडून भरून घेता येते. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून व्हीए क्रमांक घ्यायचा असेल, तर इंजिनात मूळ रूप बदलणारा फेरफार नसावा, ही अटही आहे. जुने सुटे भाग पिशवीत परत मागा. काय काय खरंच बदललं, ते त्या पिशवीतच दिसतं.

काम झाल्यावर धूर दिसला तर

येझदीतून दाट पांढरा धूर निघतोय आणि गिअरबॉक्समधलं तेल कमी होतंय? क्लचकडची क्रँक सील गळतेय, इंजिन गिअर ऑइल पितंय. पिस्टनच्या रिंगा बदलून काही होणार नाही. उलट गाडी आपोआप रेस होत असेल आणि लवकर तापत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या सीलमधून हवा शिरत असण्याची शक्यता जास्त. अशी गाडी चालवत राहिलात तर नवा पिस्टन जाम होईल.

बुलेटचं काम करून आणलं की आधी रॉकरला (वरच्या व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाला) जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट जरासा सैल करून, इंजिन चालू असताना तेल पाझरतंय का ते बघा. पाझरत नसेल तर लगेच बंद करा. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या बुलेटने पहिल्या किकला निळा धूर सोडला म्हणून मात्र मिस्त्रीशी भांडायला जाऊ नका. इंजिन ऑइलच्या टाकीतलं तेल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं आणि ते जळतं. राजवाड्याला एक चक्कर मारून या. त्यानंतरही धूर राहिला तर हेड उघडायला सांगा.