फुकटच्या वाय-फायवर अ‍ॅपची चौकशी झाकून ठेवा

नाशिकरोड स्टेशनवर पंचवटी एक्सप्रेसची वाट बघताना किंवा कॉलेज रोडच्या कॅफेत आपण वाय-फाय जोडतो. तेव्हा फोनमधलं प्रत्येक अ‍ॅप कोणत्या सर्व्हरचा पत्ता विचारतंय, हे बहुतेक वेळा ते वाय-फाय चालवणाऱ्याला उघड दिसतं. बँकेचं कोणतं, दवाखान्याचं कोणतं, सगळं. ही चौकशी कुलूपबंद करायची सोय अँड्रॉइड ९ पासून फोनमध्येच आहे. वेगळं अ‍ॅप नको, पैसेही नकोत.

१. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा (डीएनएस म्हणजे सर्व्हरचा पत्ता विचारायची हीच सोय). मराठीत फोन असेल तर ‘खाजगी डीएनएस’. (मेनूत शोधत बसू नका, प्रत्येक कंपनीने तो वेगळीकडे ठेवलाय.)

२. होस्टनेमचा, म्हणजे पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचं नाव लिहायचा, पर्याय निवडा. रिकाम्या चौकटीत इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘वन’ हा शब्द चार वेळा लिहा, मधे फक्त टिंब. आकडा नाही, शब्दच; हे क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरचं नाव आहे. स्पेस पडू देऊ नका. माझ्या आईच्या फोनवर कीबोर्डने टिंबानंतर आपोआप स्पेस टाकली होती आणि ‘सेव्ह’ दाबताच येत नव्हतं.

३. सेव्ह करा. हे मोबाइल डेटावरही चालतं.

स्टेशनसारख्या ठिकाणी ओटीपीचं लॉगिन पान उघडलं नाही, तर तेवढ्यापुरतं ‘बंद’ करा, लॉगिन झालं की पुन्हा होस्टनेमवर आणा. हे विसरू नका, मी स्वतः दोनदा विसरलोय.

एक मात्र ध्यानात ठेवा: यामुळे तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणारा क्रमांक) लपत नाही. पूर्ण निनावी झालो असं समजून अनोळखी लिंक उघडू नका.