जुने मराठी पुस्तक आवाजात उतरवताना

ज्या मराठी पुस्तकांवर आता कोणाचाही हक्क (कॉपीराइट) उरलेला नाही, ती वाचून, ध्वनिमुद्रित करून सर्वांसाठी विनामूल्य खुली करणे हे काम घरी बसून आणि अगदी थोड्या साधनांत करता येते. २००५ मध्ये मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅक्ग्वायर यांनी सुरू केलेल्या लिब्रिव्हॉक्स या उपक्रमाने अशा कामाची एक घडी बसवून दिली आहे. त्यात एक जण पुस्तकाची व्यवस्था पाहतो, एक किंवा अनेक जण प्रकरणे वाचतात आणि वाचलेले प्रत्येक प्रकरण दुसरी एखादी व्यक्ती मूळ मजकूर समोर ठेवून ऐकते. ही घडी मराठीलाही उपयोगी पडते. मात्र आपली जुनी छपाई आणि आजचा उच्चार यांत बरेच अंतर असल्यामुळे मराठी वाचकाला ध्वनिमुद्रणाच्या आधीच काही निर्णय घ्यावे लागतात. ते निर्णय घेतले नाहीत तर वाचणारा आणि तपासणारा, दोघांचेही कष्ट वाया जातात, म्हणून या मार्गदर्शनात यंत्रांपेक्षा मजकुराच्या तयारीला अधिक जागा दिली आहे.

पहिला प्रश्न हक्काचा आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे पुस्तकावर हक्क राहतो. लिब्रिव्हॉक्सची ध्वनिमुद्रणे अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर ठेवली जातात, त्यामुळे तिथला कायदाही पाहावा लागतो. तिथे जुन्या पुस्तकांचा हिशेब प्रकाशनाच्या वर्षापासून ९५ वर्षांचा आहे, म्हणजे २०२६ मध्ये १९३० अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली पुस्तके मुक्त धरली जातात. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये वारले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात प्रसिद्ध झाली, म्हणून ती दोन्ही कसोट्यांना उतरते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ मात्र २०११ च्या आरंभापासून भारतात मुक्त असली, तरी १९३० नंतर प्रसिद्ध झाल्यामुळे अमेरिकेच्या त्या हिशेबात आपोआप बसत नाही. मूळ मजकूर मुक्त झाला तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि संपादकाने केलेले बदल हे त्या संपादकाचे असतात, म्हणून शक्य तितकी जुनी प्रत शोधावी आणि तीच वाचावी. अनुवाद असेल तर अनुवादकाच्या निधनाचे वर्षही तपासावे. दृष्टिहीन श्रोत्यांसाठी आपल्या कायद्यात २०१२ पासून वेगळी सवलत आहे. त्यांच्या वापरासाठी, नफा न घेता, हक्क शिल्लक असलेले पुस्तकही आवाजात आणता येते, परंतु ते सर्वांना खुले करता येत नाही. हे दोन मार्ग एकमेकांत मिसळू नयेत.

स्वतःच्या हक्काचाही विचार आधीच करावा. लिब्रिव्हॉक्सवर वाचणारा आपला आवाज सार्वजनिक मालकीला देतो. ते ध्वनिमुद्रण उद्या कोणी विकू शकतो, कोणी त्याचा चित्रफितीत वापर करू शकतो, कोणी त्यावरून संगणकाला बोलणे ओळखायला शिकवू शकतो. इंग्रजीतला लिब्रिस्पीच हा सुमारे १००० तासांचा प्रसिद्ध संग्रह याच ध्वनिमुद्रणांतून तयार झाला आहे. हे ज्याला मान्य नसेल त्याने वाचनाऐवजी तपासणीचे काम घ्यावे. तेही तितकेच गरजेचे आहे आणि त्यासाठी माणसे नेहमीच कमी पडतात.

यानंतर मजकुराची तयारी. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात अनेक जुनी पुस्तके छापील पानाच्या चित्रासह उपलब्ध आहेत. तिथे पानाचा हिरवा रंग दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी ते तपासल्याची खूण असते. पिवळे पान एकाच व्यक्तीने पाहिलेले असते. हिरवे पान असले तरी वाचताना छापील चित्र शेजारी उघडे ठेवावे, कारण संगणकाने ओळखलेल्या मजकुरात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ख’ आणि ‘रव’ यांची अदलाबदल होते आणि त्यातून कधी कधी अर्थ असलेला पण चुकीचा शब्द तयार होतो. असा शब्द डोळ्याला खटकत नाही, म्हणूनच तो अधिक घातक असतो.

आता उच्चाराचे निर्णय. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण त्याआधीच्या पुस्तकांत ते जागोजागी आहेत. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पांच’, ‘त्यानें’, ‘नांव’ हे शब्द आजच्यासारखेच, अनुस्वार नसल्याप्रमाणे वाचायचे. इथपर्यंत फारसे अवघड नाही. अडचण येते ती ‘घरांत’सारख्या शब्दाशी. आजच्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत, आणि तिथे अनुस्वार स्पष्ट ऐकू येतो. जुन्या छपाईत एकाच घराविषयीही ‘घरांत’ असेच लिहीत. ‘त्या घरांत’ हे शब्द एका घराबद्दल आहेत की अनेक, हे अक्षरांवरून कळत नाही, मागचे-पुढचे वाक्य वाचूनच ठरवावे लागते. म्हणून प्रकरण आधी एकदा संपूर्ण मनात वाचावे आणि अशा प्रत्येक शब्दाशेजारी पेन्सिलीने ‘एक’ किंवा ‘अनेक’ अशी खूण करावी. ध्वनिमुद्रण चालू असताना हा निर्णय घेता येत नाही. आवाज अडखळतो आणि अडखळलेले श्रोत्याला लगेच जाणवते.

‘केलें’, ‘झालें’, ‘तें’ यांचे काय करावे, यावर वाचकांमध्ये खरा मतभेद असतो. काही जण ‘केले’ असे लेखी रूप वाचतात, तर काहींना ‘केलं’ हा बोलण्यातला उच्चार योग्य वाटतो. माझे मत असे आहे की निवेदन छापल्याप्रमाणे ‘केले’ असे वाचावे आणि पात्रांच्या तोंडी ‘केलं’ आणावे, कारण स्वयंपाकघरात बोलणाऱ्या बाईच्या तोंडी लेखी रूप घातले की ती बाई परकी वाटू लागते. ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये तर यमू स्वतःच आपली कहाणी सांगते, त्यामुळे निवेदन कुठे संपते आणि बोलणे कुठे सुरू होते याची रेषाच पुसट आहे; तिथे पुस्तकभर एकच रूप ठेवणे श्रेयस्कर. कोणताही निर्णय घेतला तरी तो सर्व वाचकांसाठी आणि सर्व प्रकरणांसाठी सारखा असावा आणि पहिल्या दिवशीच लिहून ठेवावा. या लिखित कागदाला उच्चारपत्रक म्हणावे. त्यात व्यक्तींची नावे, गावांची नावे, परभाषेतील शब्द आणि वर सांगितलेले निर्णय एकत्र असावेत.

‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे दोन दोन उच्चार मराठी माणसाला आपोआप येतात असे आपण समजतो, पण वाचताना, विशेषतः अपरिचित शब्दावर, ते हुकतात. ‘चार’ या संख्येतला ‘च’ आणि ‘चारा’मधला ‘च’ वेगळा आहे. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य. अक्षरे तीच असूनही ‘ज’चा उच्चार बदलतो, आणि जुन्या गद्यात दुसरा शब्द वरचेवर भेटतो. ‘जन’ आणि ‘जण’ यांतही केवळ न-ण यांचा फरक नाही. याच जातीची दुसरी जागा रकाराची आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना; छापील पान पुसट असेल तर दोन्ही चिन्हे सारखी दिसतात आणि संगणकाने ओळखलेल्या मजकुरात त्यांची गफलत होते. शहरी वाचकांनी ‘फ’कडेही लक्ष द्यावे; ‘फळ’, ‘फूल’ यांतला ‘फ’ ओठ मिटून उच्चारायचा आहे, इंग्रजी शब्दांतल्यासारखा दात टेकवून नव्हे.

गद्यात मध्येच ओवी, अभंग किंवा श्लोक आला तर शब्दाच्या शेवटचा ‘अ’ वृत्ताप्रमाणे पूर्ण उच्चारावा, नाहीतर अक्षरसंख्या मोडते. पद असेल तर ते चालीवर गाऊ नये, वाचावे. शब्द मुक्त असले तरी रूढ झालेली चाल मुक्त असेलच असे नाही.

साधनांविषयी थोडक्यात. सुरुवातीला एक साधा यूएसबी मायक्रोफोन आणि ऑडॅसिटी ही ध्वनिमुद्रण आणि संपादनाची विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. मायक्रोफोन तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला, सुमारे एका वितीवर ठेवावा. ‘भ’, ‘फ’, ‘ध’ या महाप्राण व्यंजनांचा श्वास थेट आदळला की धप्प असा आवाज उमटतो. पंखा बंद करावा, शीतकपाटाची घरघर येत असेल तर ती खोली टाळावी. भिंतींचा घुमारा मोडण्यासाठी मागे आणि बाजूंना गोधड्या टांगाव्यात. कपड्यांनी भरलेल्या कपाटाचे उघडे दार समोर असले तरी बराच फरक पडतो. आपल्या वस्तीत कुकरच्या शिट्ट्या, फेरीवाले आणि वाहने कधी थांबतात याची वेळ पाहून ठेवावी आणि रोज त्याच वेळी बसावे, म्हणजे पहाटे नोंदवलेले आणि दुपारी नोंदवलेले असा आवाजातला फरक जाणवत नाही. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात ध्वनिमुद्रण करू नये. ते दिवस तपासणीला द्यावेत.

पूर्ण प्रकरण वाचण्याआधी एक मिनिटाचा नमुना नोंदवून कोणाला तरी ऐकवावा. लिब्रिव्हॉक्सवर नव्या वाचकाकडून असा नमुना घेतातच, आणि आवाजाची पातळी किंवा खरखर याविषयीचे दोष तिथेच निस्तरता येतात. पुढे वाचताना चूक झाली तर ध्वनिमुद्रण थांबवू नये. एक टाळी वाजवावी, क्षणभर थांबावे आणि वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचावे. टाळीचा उंच सुळका संपादनाच्या वेळी पडद्यावर लगेच दिसतो. चुकलेला एकच शब्द नंतर बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण वाक्याचा सूर जुळत नाही. आरंभी काही सेकंद न बोलता खोलीची शांतता नोंदवून ठेवावी. ती पार्श्वभूमीची खरखर कमी करण्यासाठी आणि मोकळ्या जागा भरण्यासाठी कामी येते. संपादन करताना सगळे श्वास पुसू नयेत. श्वास काढलेले वाचन निर्जीव वाटते आणि लांब पुस्तक ऐकताना थकवते.

तयार फाइल एमपीथ्री स्वरूपात, एकाच वाहिनीची (मोनो), ४४.१ किलोहर्ट्झ नमुना-दराची (सॅम्पल रेट) आणि १२८ केबीपीएस बिटरेटची असावी. आवाजाची पातळी ८९ डेसिबेलच्या आसपास, ८६ ते ९२ च्या दरम्यान असावी. प्रारंभी अर्धा ते एक सेकंद आणि शेवटी सुमारे पाच सेकंद शांतता ठेवावी. प्रकरणाच्या सुरुवातीला पुस्तकाचे, लेखकाचे आणि प्रकरणाचे नाव, तसेच हे ध्वनिमुद्रण सार्वजनिक मालकीचे असल्याची ठरलेली घोषणा वाचावी.

आता तपासणी. मुद्रितशोधकाला जसे छापखान्यात महत्त्व असते, तसेच इथे तपासनीसाला असते. त्याने कानावर हेडफोन लावून, छापील पान समोर ठेवून, एका बैठकीत एकच प्रकरण ऐकावे. नुसते ऐकून भागत नाही, हे मी अनुभवाने शिकलो. एका प्रकरणात लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत होत्या. माझी नजर वरच्या ओळीवरून थेट तिसऱ्या ओळीवर गेली आणि मधला मजकूर सुटला. जोडले गेलेले वाक्य व्याकरणाने निर्दोष होते, अर्थही लागत होता. मी स्वतः ते दोनदा ऐकले आणि मला काहीच खटकले नाही. पान समोर ठेवून ऐकणाऱ्या तपासनीसाने ती ओळ शोधून काढली.

नोंद करताना वेळ, छापील शब्द आणि ऐकू आलेला शब्द, तिन्ही लिहावेत, उदाहरणार्थ: ‘४:१२, छापील आचार्यांना, ऐकू आले आचाऱ्यांना’. सुटलेली किंवा दोनदा आलेली वाक्ये, अर्थ बदलणारे शब्द, बाहेरचे आवाज, अचानक चढलेली किंवा उतरलेली पातळी आणि लांबलेली शांतता एवढेच नोंदवावे. ‘आणि’च्या जागी ‘व’ वाचले गेले तर काय करायचे, हे पुस्तकाच्या आरंभीच ठरलेले असावे. काही पुस्तकांसाठी शब्दशः अचूकता मागितली जाते, बहुतेकांसाठी अर्थाची अचूकता पुरते. मुक्त झालेल्या जुन्या ग्रंथांत जिथे लेखकाची भाषा हेच त्याचे शस्त्र आहे, तिथे मी शब्दशः अचूकतेचा आग्रह धरतो.

वाचकाचा हेल, गती, भावना यांवर तपासनीसाने शेरा मारू नये. वऱ्हाडातला किंवा कोकणातला वाचक आपल्या सुरात वाचणार, आणि ते ध्वनिमुद्रणाचे वैभव आहे. न-ण यांच्या उच्चारामुळे ‘मन’ आणि ‘मण’ यांसारखा अर्थाचा घोटाळा होत असेल तेथेच नोंद करावी. नोंदीची भाषा सौम्य आणि नेमकी असावी. पहिल्याच प्रकरणावर कठोर शेरे मिळालेला वाचक दुसरे प्रकरण घेत नाही.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’सारखे नाटक घेतले तर सुधाकर, सिंधू, तळीराम ही पात्रे वेगवेगळ्या स्वयंसेवकांना देता येतात. प्रत्येकाने आपली वाक्ये क्रमाने, मध्ये दोन-तीन सेकंद सोडून वाचावीत. रंगसूचना एकाच निवेदकाने वाचाव्यात. प्रत्येक पात्राची फाइल आधी स्वतंत्र तपासावी आणि जोडणी झाल्यावर अंक पुन्हा ऐकावा, कारण जोडताना वाक्यांचा क्रम चुकू शकतो.

दुरुस्तीसाठी वाचकाने त्याच खोलीत, त्याच अंतरावर, शक्यतो त्याच वेळी बसावे आणि चुकलेल्या वाक्याच्या आधीपासून वाचण्यास सुरुवात करावी, म्हणजे सूर जुळतो. बसवलेला तुकडा तपासनीसाने मागच्या-पुढच्या दोन वाक्यांसह पुन्हा ऐकावा. तो पसंत पडला की प्रकरण पूर्ण झाल्याची नोंद करावी, फाइल अपलोड करावी आणि वाचताना नव्याने ठरलेले उच्चार उच्चारपत्रकात भरून ते पुढच्या प्रकरणाच्या वाचकाकडे पाठवावे.