सामायिक कॅलेंडरचे अधिकार कोणाकडे असावेत?
गूगल कॅलेंडर समितीत सामायिक करताना शेअरिंगची व्यवस्था पाहण्याचा सर्वोच्च अधिकार सरसकट सर्वांना देऊ नये, कारण तो मिळालेली व्यक्ती इतरांना आत घेऊ वा काढू शकते. नोंदी करणाऱ्यांना नोंदी बदलण्यापुरता अधिकार पुरतो. मात्र एकाच व्यक्तीच्या हाती सारे ठेवणे मला त्याहून धोक्याचे वाटते: आमच्या सोसायटीच्या सभागृहाचे कॅलेंडर जुन्या चिटणीसांच्या खासगी खात्यावर होते आणि ते घर सोडून गेल्यावर नव्या चिटणीसांना एका मुंजीची तारीखही नोंदवता येईना. म्हणून सर्वोच्च अधिकार दोघांकडे असावा आणि कार्यभार सोपवतानाच सेटिंग्जमधील नावांची यादी उघडून, नवे नाव घातल्यावर जुने काढावे.